प्रिंटर ‘ओपन फाईल’ मागतोय – लोगोच्या कुठल्या फायली आपल्याकडे असाव्यात आणि त्या कशा ठेवाव्यात?

वसमतची_हळद

नमस्कार मंडळी. वसमतला आमचा हळद पावडरचा घरगुती व्यवसाय आहे. आजवर साध्या पिशवीवर स्टिकर लावून विकत होतो, आता छापील पाऊच करायचं ठरलंय. पाऊच छापणाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर लोगो पाठवला तर ते म्हणायलेत, “ताई, हा जेपीजी आहे, ओपन फाईल द्या.” लोगो करून देणाऱ्याला विचारलं तर त्यानं पीडीएफ पाठवली. प्रिंटरनं तीही परत केली. म्हणे आत जेपीजीच आहे. दुकानाच्या बोर्डवाल्याला सीडीआर पाहिजे, वेबसाईट करणारा भाचा एसव्हीजी मागतोय, कामगारांच्या टी-शर्टवर भरतकाम करणारा आणखी तिसरंच काहीतरी.

माझे दोन प्रश्न आहेत. लोगोवाल्याकडून नेमकं काय काय मागून घेऊ? आणि घेतलेलं कसं ठेवू, म्हणजे दर वेळी मोबाईलच्या गॅलरीत शोधत बसायला नको?

छपाईवाला_नांदेड

ताई, तुमचा प्रिंटर बरोबर बोलतोय. आमच्या दुकानात रोज हाच विषय असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फायलींची नावं कितीही असली तरी जाती दोनच. एक ठिपक्यांची : जेपीजी, पीएनजी, टिफ. दुसरी रेषांची, जिला व्हेक्टर म्हणतात : सीडीआर (कोरल ड्रॉ ह्या सॉफ्टवेअरची), एआय (अडोबी इलस्ट्रेटरची), ईपीएस, एसव्हीजी. प्रिंटर ‘ओपन फाईल’ म्हणतो ती हीच, रेषा आणि रंग सुटे करता येणारी. ठिपक्यांच्या फाईलमध्ये ठिपके मोजून ठेवलेले असतात. चित्र ताणलं की ठिपके मोठे दिसतात. रेषांच्या फाईलमध्ये रेघ कुठून निघाली, कशी वळली आणि आत कुठला रंग भरला याचं गणित असतं. ती नखाएवढी करा नाहीतर पाण्याच्या टाकीएवढी, कड तशीच राहते. पीडीएफ दोन्ही जातींना पोटात घेते, आणि लोक तिथंच फसतात. पीडीएफ मिळाली म्हणजे व्हेक्टर मिळाली असं नाही. सीडीआरचंही तेच. कोरल ड्रॉमध्ये जेपीजी आणून सेव्ह केला की नाव सीडीआर होतं, आत माल जेपीजीचाच.

ओळखायचं कसं? पीडीएफ अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करा. कड कापल्यासारखी स्वच्छ राहिली तर रेषांची, पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर ठिपक्यांची. दुकानात असाल तर कोरलमध्ये व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम करायला सांगा. नुसत्या बाह्यरेषा दिसल्या पाहिजेत. सगळ्या लोगोला मिळून एकच चौकोन दिसला तर ते चित्र आहे.

आता पाऊचवाला इतका का अडून बसलाय? ठिपके कमी पडतात म्हणून नाही. व्हॉट्सअॅपनं १६०० पिक्सेल रुंदीचा लोगो पोचवला आणि पाऊचवर तो ३ इंचात बसवला, तर इंचाला ५३३ ठिपके येतात. छपाईला ३०० पुरतात. अडचण वेगळीच आहे. पाऊच ज्या ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं छापतात तिच्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. पिवळा कुठं संपतो आणि लाल कुठं सुरू होतो हे त्याला नेमकं पाहिजे. जेपीजी दाबताना कडेला धुरकट ठिपके पडतात, ते पिवळ्यातही नसतात आणि लालमध्येही नसतात. शिवाय पाऊच पारदर्शक असेल तर रंगाखाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, नाहीतर आतल्या हळदीचा रंग लोगोतून दिसतो. तो पांढरा थर लोगोच्या बाह्यरेषेवरूनच काढतात. रेषाच नसेल तर त्यानं काय करावं? सिलिंडर एकदा कोरला की त्यात सहजी दुरुस्ती होत नाही, बहुधा पुन्हाच कोरावा लागतो. म्हणून तो आधीच अडवतो. असा प्रिंटर सोडू नका.

फ्लेक्सचं उलट. तोच १६०० पिक्सेलचा लोगो ३ फुटांवर ताणला तर इंचाला जेमतेम ४४ ठिपके येतात. लांबून बघणाऱ्याला चालून जातं, जवळ गेलं की अक्षरांची कड फाटलेली दिसते. आणि बोर्डासाठी व्हिनाईल कापायचं असेल तर ठिपक्यांची फाईल उपयोगाचीच नाही, कारण कटर प्लॉटरचं पातं रेषेवरूनच चालतं.

वसमतची_हळद

दादा, आत्ताच पीडीएफ मोठी करून बघितली. पायऱ्याच पायऱ्या. म्हणजे मूळ फाईल त्याच्याकडे असेल, पण त्यानं दिलेली नाही, असंच ना?

छपाईवाला_नांदेड

बहुतेक असेलच. भांडू नका, नेमक्या शब्दांत मागा : “मूळ सीडीआर किंवा एआय फाईल द्या. एक प्रत अक्षरं जिवंत असलेली, दुसरी कर्व्ह केलेली. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं.” जिवंत म्हणजे टाईप करून बदलता येणारी अक्षरं, कर्व्ह म्हणजे अक्षरांच्या रेषा करून टाकलेली. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाईल आहे तशी जाते.

लातूरचा_डाळवाला

ताईंच्या धाग्यात माझाही प्रश्न घुसवतो, राग मानू नका. आमच्या डाळीच्या ब्रँडचा लोगो पोरानं मोबाईलवर एआयकडून (कृत्रिम बुद्धिमत्तेकडून) करून घेतलाय. दिसायला झकास आहे, पण नुसती पीएनजी आहे. पोरगं म्हणतंय ऑनलाईन कन्व्हर्टरवर टाकली की एसव्हीजी मिळते. खरंय का हे?

रेषाकार_संभाजीनगर

काका, मिळते. आणि त्या फाईलकडे नीट बघितलं की डोक्याला हात लावायची वेळ येते.

मी अक्षरांचं काम करतो, म्हणून ह्या विषयावर थोडं जास्त बोलणार. असे कन्व्हर्टर, कोरलमधलं पॉवरट्रेस, इंकस्केपमधलं ट्रेस बिटमॅप हे सगळे ठिपक्यांच्या कडेवरून अंदाजानं रेघ ओढतात. पानाफुलाचं चित्र असेल तर निभावतं. देवनागरी अक्षर असेल तर नाही. आपली शिरोरेखा ही एक सरळ आडवी रेघ. ट्रेस केली की ती किंचित नागमोडी होते. जिथं चार बिंदू पुरले असते तिथं चाळीस पडतात. मात्रेचं टोक गोल होतं, अनुस्वार अंड्यासारखा होतो, ‘ळ’ची गाठ भरून जाते. लहान आकारात जाणवत नाही, पण दुकानाच्या बोर्डावर त्या शिरोरेखेखाली तुम्ही पंधरा वर्षं बसणार आहात. शिवाय एआयच्या चित्रात रंग एकसारखे नसतात. तुम्हाला एकच हिरवा दिसतो, ट्रेस करणाऱ्याला त्यात वीस हिरवे सापडतात. त्या वीस हिरव्यांचे सिलिंडर कोण करणार?

बरा मार्ग असा : ती पीएनजी नमुना म्हणून एखाद्या चांगल्या डिझायनरला द्या आणि हातानं पुन्हा रेखाटून घ्या. चित्र रेषांनी काढायचं आणि नाव चांगल्या फॉन्टमध्ये नव्यानं टाईप करायचं किंवा रेखाटायचं. मुक्ता, बालू हे एक टाईप या संस्थेचे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्याच्या लोगोत बिनघोर वापरता येतात.

ताई, तुमच्यासाठी फॉन्टचाच आणखी एक मुद्दा. आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतात. जिवंत अक्षरांची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला तर ‘हळद’च्या जागी भलतीच चिन्हं येतात. युनिकोड फॉन्ट असला तरी दगा होतो. सॉफ्टवेअरची मांडणी भारतीय लिप्यांसाठी लावलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते, रफार भलत्यावर चढतो. सगळ्यात वाईट म्हणजे बदल इतका बारीक असतो की लक्षातच येत नाही : फॉन्ट बदलला की मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ जाऊन हिंदी वळणाचे येतात. पाऊच छापून घरी आल्यावर ते कळून काय उपयोग? म्हणून बाहेर जाणारी प्रत कायम कर्व्ह केलेली. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाईन्स. कर्व्ह केली की अक्षर हे चित्र होतं, ते कुठल्याही संगणकावर बदलत नाही. पण मग टाईप करून दुरुस्तीही होत नाही, म्हणून जिवंत प्रत आणि तिचा फॉन्ट आपल्याजवळ राहिलाच पाहिजे. एसव्हीजीलाही हाच नियम.

छपाईवाला_नांदेड

सहमत. फक्त एक भर. मराठवाड्यात फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं, सगळं कोरलवर चालतं. त्यातही दुकानादुकानांत आवृत्त्या जुन्या. नव्या कोरलची फाईल जुन्यात उघडत नाही. म्हणून सीडीआर घेताना एक प्रत जुन्या आवृत्तीत सेव्ह करून मागा, म्हणजे तालुक्याच्या गावीही काम अडणार नाही.

रेषाकार_संभाजीनगर

इथं माझं थोडं वेगळं मत आहे. सीडीआर ही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाईल. कोरल नसलेल्या माणसाला ती नीट उघडता येत नाही. पीडीएफ १९९३ साली अडोबीनं आणली, पण २००८पासून ती आयएसओचं मानक आहे. एसव्हीजी २००१पासून डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. दहा वर्षांनी कुठलं सॉफ्टवेअर चालू असेल कुणी सांगावं, पण ह्या दोन उघडतील. म्हणून जपून ठेवायची मुख्य प्रत व्हेक्टर पीडीएफ असावी, आणि सीडीआर ही इथल्या दुकानांच्या सोयीसाठी.

छपाईवाला_नांदेड

जपायला पीडीएफ, मान्य. पण छटा किंवा पारदर्शक सावली असलेली पीडीएफ कोरलमध्ये आणली की ती कधी कधी तुकडे-तुकडे होऊन येते, हे रोज बघतोय. त्यामुळं दोन्ही ठेवा, वाद मिटला. ईपीएसचा आग्रह मात्र धरू नका. तिच्यात खरी पारदर्शकता टिकत नाही. जुन्या यंत्रवाल्यानं मागितली तरच काढून द्या.

सुईदोरा_जालना

टी-शर्टचं मी सांगते, कारण ते कुणीच बोललं नाही.

ताई, भरतकामाच्या यंत्राला टाक्यांची फाईल लागते, आमच्याकडे डीएसटी चालते. ती तुमच्या सीडीआरमधून आपोआप निघत नाही. टाका कुठल्या दिशेनं जाईल, कुठं दाट, कुठं विरळ, हे माणूस बसून ठरवतो. त्याला डिजिटायझिंग म्हणतात आणि त्याचे पैसे एकदाच द्यायचे असतात. म्हणून पैसे दिले की डीएसटी मागून घ्या आणि जपून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दुकानात पुन्हा द्यावे लागतील. डीएसटीमध्ये खरे रंग साठवलेले नसतात, फक्त ‘इथं दोरा बदला’ एवढंच असतं. सोबत दोऱ्यांचे नंबर लिहून घ्या. आणि लोगोखाली बारीक अक्षरांत ‘शुद्ध घरगुती हळद’ वगैरे असेल तर ते भरतकामातून काढून टाका. बारीक अक्षरांचा नुसता गोळा होतो.

वसमतची_हळद

खरंच, खाली ‘वसमतची अस्सल हळद’ असं बारीक लिहिलंय. सुईदोरा ताई, खूप आभार.

रेषाकार_संभाजीनगर

ह्यावरून आठवलं. लोगोची रूपं मागायची राहिली, आणि ती फाईलच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची आहेत. पूर्ण रंगीत, एकरंगी काळा, आणि गडद पार्श्वभूमीवर चालणारा पांढरा. एकरंगी लोगो शिक्क्याला, बिलबुकाला, पोत्यावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला लागतो. रंगीत लोगो राखाडी केला म्हणजे एकरंगी झाला असं नाही. राखाडीच्या छटा पोत्यावर येत नाहीत, तो ठोस काळाच असायला हवा, बारीक रेघा जाड करून. शिवाय आडवा लोगो असेल तर चौकोनी रूपही करून घ्या. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या गोल डीपीत आडव्या लोगोची दोन्ही टोकं कापली जातात. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीला ७२० बाय ७२०ची चौकोनी जेपीजी किंवा पीएनजी चांगली बसते.

पीएनजी पारदर्शक पार्श्वभूमीचीच घ्या. जेपीजीला पारदर्शकता नसते, म्हणून पिवळ्या बॅनरवर लोगोभोवती पांढरा चौकोन दिसतो.

बोर्डासाठी देवनागरी रूप पक्कं करा. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ज्यांचा लोगो फक्त इंग्रजीत आहे त्यांनी बोर्डवाल्याच्या हाती जो सापडेल त्या फॉन्टवर सोडू नये. त्याच वळणाचं मराठी नाव डिझायनरकडूनच करून घ्यावं.

परभणीचा_वकील

चर्चा उत्तम चाललीय. एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय : फाईल हातात येणं आणि लोगो आपल्या मालकीचा होणं ह्या वेगळ्या बाबी आहेत.

लोगो ही कलाकृती आहे. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ नुसार पहिला मालक तो करणारा. तुमच्या पगारी नोकरानं नोकरीचं काम म्हणून केला असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या डिझायनरला पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आले असं समजू नका. हक्क लेखी, त्याच्या सहीनं घ्यावे लागतात, हे कलम १९ सांगतं. त्याच कलमात पुढं आहे की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जाईल, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. उद्या हळद दुबईला पाठवायची झाली तर? म्हणून एक पानभर लिहून घ्या : कुठला लोगो (चित्र चिकटवून), सगळे हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, मिळालेली रक्कम, तारीख, सही. हक्क वर्षभर वापरले नाहीत तरी रद्द होणार नाहीत असंही एक वाक्य टाका, कारण कलम १९(४)मध्ये ती तरतूद आहे.

ट्रेडमार्कचा अर्ज करणार असाल तर मसाल्यांचा वर्ग ३०, त्यात हळद येते. अर्जात लोगोचं चित्र ८ बाय ८ सेंटिमीटरच्या आत लागतं, आणि तिथं जेपीजीच चालते. म्हणजे जेपीजी अगदी टाकाऊ नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम १० प्रमाणे रंगाचं बंधन न घालता नोंद केली तर ती सगळ्या रंगांना लागू होते. म्हणून बरेच जण काळा-पांढरा लोगो नोंदवतात. ती एकरंगी फाईल इथंही कामाला येते.

आणि कॅनव्हा (ऑनलाईन डिझाईनची साईट) वापरणाऱ्यांसाठी : तिथलं तयार चित्र लोगोत घेतलं असेल तर त्याचा ट्रेडमार्क करायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. तेच चित्र उद्या शेजारच्या गावचा मसालेवालाही वापरू शकतो.

लातूरचा_डाळवाला

वकीलसाहेब, हे कुणीच सांगत नाही हो. आमचा लोगो पुन्हा रेखाटायला देतोच आहे, तेव्हाच ते पान सही करून घेतो.

वसमतची_हळद

आनंदाची बातमी. लोगोवाल्यानं सगळं दिलं. त्याची ना नव्हती. आजवर गिऱ्हाइकांनी मागितलंच नाही म्हणून दिलं नाही, असं म्हणाला. हक्काच्या पानावर सहीही करायला तयार आहे. आता माझ्याकडे फायलींचा ढीग आहे. कसा लावू?

रेषाकार_संभाजीनगर

ताई, प्रकारावरून लावू नका, कामावरून लावा. ‘सीडीआर’, ‘पीएनजी’ असे फोल्डर केले की गडबडीच्या वेळी पुन्हा विचारच करत बसाल. माझ्या गिऱ्हाइकांना मी असं करून देतो.

पहिला फोल्डर ‘मूळ’. त्यात जिवंत अक्षरांची सीडीआर किंवा एआय, फॉन्टची फाईल, आणि हक्काच्या पानाचा स्कॅन. हा फोल्डर कुणालाही पाठवायचा नाही. बियाणं घरच्या कणगीत ठेवतात तसा तो ठेवा. बाकी सगळं ह्यातून पुन्हा काढता येतं, हा गेला की काहीच काढता येत नाही.

दुसरा ‘छपाई’ : कर्व्ह केलेली व्हेक्टर पीडीएफ आणि जुन्या आवृत्तीतली सीडीआर, दोन्ही सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया). तिसरा ‘स्क्रीन’ : एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी, चौकोनी डीपी, सगळं आरजीबीमध्ये (पडद्याचे लाल-हिरवा-निळा). चौथा ‘एकरंगी’ : काळा आणि पांढरा. पाचवा ‘भरतकाम’. आणि एक ‘जुने’, म्हणजे लोगोत बदल झाला की आधीचा तिथं टाकायचा, नाहीतर पाऊचवर नवा आणि पोत्यावर जुना असं होतं.

रंगांची एक चिठ्ठी सगळ्यात वर ठेवा. उदाहरणार्थ हळदीचा पिवळा : सीएमवायके ०-३०-१००-०, आरजीबी २५५-१७९-०. पडद्यावरचा झगझगीत रंग शाईत तसाच येत नाही, म्हणून पहिल्या छपाईचा मंजूर केलेला तुकडाही जपा आणि पुढच्या वेळी प्रिंटरला तोच दाखवा. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १०० ठेवायला सांगा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत थोडा जरी सरकला तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

फाईलच्या नावात ब्रँड, रूप, काम आणि वर्ष असावं. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ असली नावं नकोत. नावं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता. जुन्या यंत्रांवर देवनागरी नावं कधी कधी बिघडतात.

छपाईवाला_नांदेड

आणि पेनड्राईव्हवर एकुलती एक प्रत घेऊन दुकानात येऊ नका. आमच्यासारख्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राईव्ह लागतात, व्हायरस इकडून तिकडे जातो. गुगल ड्राईव्हवर ठेवा, ‘छपाई’ फोल्डरची लिंक पाठवा, आणि लिंकवर ‘फक्त बघणे’ एवढाच हक्क द्या. घरच्या संगणकावर एक प्रत वेगळी.

वसमतची_हळद

लावून झालं, अगदी असंच. पाऊचवाल्यानं पीडीएफ घेतली आणि लगेच प्रूफ पाठवलं. शेवटचं विचारते : प्रूफ मोबाईलवर बघून हो म्हणू का?

छपाईवाला_नांदेड

मजकूर तपासायला मोबाईल चालेल. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक एकेक अंक बोट ठेवून वाचा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही वाचून घ्या. रंगाला मात्र मोबाईलवर हो म्हणू नका. त्याच पाऊचच्या कागदावर छापलेला नमुना मागा, उन्हात धरून बघा आणि मग सही करा.

वसमतची_हळद

ठीक आहे दादा, नमुना कुरिअरनं मागवलाय. आल्यावर फोटो टाकते इथंच.